तिथं निंदन नाही

मूर्तिजापूरला आमचं घर स्टेशनच्या इतकं जवळ होतं की घड्याळाची गरज फक्त पाहुण्यांना पडायची. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज वेगळा, नागपूरकडे जाणारीचा वेगळा, आणि मधूनच आमच्या अरुंद रुळांवरच्या छोट्या शकुंतला गाडीची शिट्टी, सर्दी झालेल्या पोरानं नाक ओढावं तशी. आई चुलीपाशी भाकरी थापायची आणि हे सगळं ऐकायची. अकोल्याकडून आलेली गाडी बडनेऱ्याकडे निघाली की तिचा हात परातीत जरासा थांबायचा आणि मग पुन्हा चालू व्हायचा. लहानपणी मला वाटायचं, भाकर कधी उलटायची हे ती गाडीवरून ठरवते. बाबा ओसरीत रेडिओ कानाला लावून बाजारभाव ऐकत बसलेले असायचे आणि दर चार वाक्यांनी रेडिओला खोटारडा म्हणायचे. मागच्या कोठ्यात बैलांच्या गळ्यातल्या घंटा, शेजारच्या जिनिंगचा भोंगा, आणि माझा धाकटा भाऊ पाढे म्हणतो आहे असं भासवणारा एक गुणगुणाट. या एवढ्या आवाजात मी बारावीचा अभ्यास केला, असं मी पुढे पुष्कळांना अभिमानानं सांगितलं. अभ्यास किती झाला ते निकालानं सांगितलं होतंच.

घरानं मला डॉक्टर करायचं ठरवलं होतं. मार्कांनी ठरवलं नाही. त्या काळात मेडिकलची यादी लागायची, मग ज्यांचं तिथं झालं नाही त्यांच्या याद्या लागायच्या, आणि सगळ्यात शेवटी, पोळा होऊन गेल्यावर, आमच्यासारख्यांचा विचार व्हायचा. रसायनशास्त्राचे आमचे मास्तर एक दिवस घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, नंदाला शेतकी कॉलेजात घाला. बाबा हसले. त्यांना वाटलं, मास्तर गंमत करताहेत.

"शेती शिकायले कॉलेज?" ते म्हणाले. "मंग आमी इतके वर्ष काय करून राहिलो?"

मास्तरांनी समजावून सांगितलं. ही पदवी घेतलेल्याला सरकार शेतकऱ्यांकडे पाठवतं. बियाणं कोणतं, खत किती, कीड आली तर काय करायचं, हे गावोगाव फिरून सांगायचं. विस्तार म्हणतात त्याला. नोकरी सरकारी, पगार महिन्याच्या महिन्याला, वरच्या पदावर गेलं तर जीपसुद्धा. जीप म्हटल्यावर बाबांना एक साहेब आठवला. मागच्या वर्षी तो आमच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, येऊन उभा राहिला होता, पँटीला चिखल लागू न देता कपाशीच्या पऱ्हाटीबद्दल दोन वाक्यं बोलला होता आणि चहा पिऊन निघून गेला होता. बाबांना तो माणूस अजिबात आवडला नव्हता, पण त्याची नोकरी फार आवडली होती. आपल्या पोरीनं आयुष्यात कधी खुरपं हातात धरू नये, ही त्यांची मनापासूनची इच्छा, आणि त्यासाठी तिनं शेतीची पदवी घ्यावी हा उपाय त्यांना त्या दुपारी एकदम पटला. त्यात काही विसंगती आहे असं त्यांना वाटलं नाही. मलाही नाही. मला तर फक्त एवढंच दिसत होतं की एक दिवस मी धुऱ्यावर उभी राहून बाबांना काहीतरी शिकवीन आणि त्यांना ते ऐकून घ्यावं लागेल.

माझ्या भावाच्या मुलीनं परवाच याच शाखेसाठी कॉलेजं निवडली. सोफ्यावर आडवी पडून, मोबाइलवर अंगठ्यानं. कोणत्या कॉलेजातून स्पर्धा परीक्षेत किती मुलं लागतात एवढं तिनं बघितलं, वरखाली केलं आणि विचारलं, आत्या, पास्ता करतेस का. पास्ता होईपर्यंत निवड झाली होती. आमच्या घरात ती व्हायला जवळजवळ अख्खा भादवा गेला, आणि त्यात अभ्यासक्रमाचा विषय एकदाही निघाला नाही.

कारण कॉलेजं दोन होती, एक अकोल्याला आणि एक अमरावतीला, आणि मूर्तिजापूर बरोबर मध्ये. अकोल्याला माझी आत्या होती. अमरावतीला मामा होता. दोन्ही कॉलेजांची नावं मी लिहीत नाही. एकाचं नाव नंतर बदललं आणि दुसरं बंदच पडलं. तेव्हाही त्यांना आमच्या घरात नावानं कोणी ओळखत नव्हतं. एक आत्याचं कॉलेज होतं आणि दुसरं मामाचं. आणि मामाच्या घरी बाबा जात नव्हते.

त्याची गोष्ट अशी. मामाच्या लग्नात पहिली पंगत बसली तेव्हा नवरीकडची माणसं भरभरून आली आणि बाबांना, म्हणजे घरच्या एकुलत्या एक जावयाला, कुणीतरी म्हणालं, तुम्ही घरचेच, दुसऱ्या पंगतीला बसा. बाबा बसले. दुसऱ्या पंगतीपर्यंत बुंदी संपली होती आणि कढीत पाणी वाढलं होतं. बाबांनी ती कढी शांतपणे प्यायली, हात धुतले, टोपी घातली आणि त्यानंतर त्या घराची पायरी चढले नाहीत. भांडण असं झालंच नाही, त्यामुळे मिटवणारही काय. आईला त्यांनी कधी जाऊ नको म्हटलं नाही. ती निघायची तयारी करायला लागली की ते फक्त म्हणायचे, "जा ना. मी कुठं नाई म्हणलं." आणि असं म्हणायचे की आई पिशवी परत खुंटीला अडकवायची. आजी वारली तेव्हा ती गेली आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत आली.

तर पहिल्यांदा आम्ही अकोल्याचं कॉलेज बघायला गेलो, बाबा आणि मी. आत्यानं पातोडीची भाजी केली होती, वर तेलाचा लाल तवंग, सोबत ज्वारीची भाकर आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा. आत्याच्या हातची पातोडी खाताना माणसाचा विरोध मावळतो, हे तिला माहीत होतं. जेवण झाल्यावर तिनं मला मागची खोली दाखवली. लोखंडी पलंग मांडून झाला होता, त्यावर नवी गादी होती. इथं राहाशील, कॉलेजातून आली की जरा सुनेला हातभार लावशील, दिवे लागायच्या आत घरी येशील, रविवारी माझ्यासोबत देवळात. तिनं हे सगळं इतक्या प्रेमानं सांगितलं की मला पुढची चार वर्षं त्या पलंगावर पडलेली स्पष्ट दिसली.

कॉलेज मात्र भव्य होतं. दगडी इमारत, लांबलचक वाचनालय, आणि मागे डोळ्यांत मावणार नाही एवढं शेत. बाबांनी इमारतीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते थेट पऱ्हाटीच्या वावरात शिरले. पऱ्हाटी त्यांच्या कमरेच्या वर होती, पानं तेल लावल्यासारखी. त्यांनी एक पान उलटून बघितलं, खालची माती उचलून चुरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कौतुक होतं की मत्सर, मला सांगता येत नाही. मग त्यांना पऱ्हाटीच्या ओळींमध्ये वाकलेली पोरं दिसली. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, हातात खुरपं, डोक्याला रुमाल. सोबतच्या प्राध्यापकांना त्यांनी विचारलं, हे मजूर रोजानं ठेवता की गुत्त्यानं. प्राध्यापक म्हणाले, ते मजूर नाहीत, दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आहेत. प्रत्येकाला एक तुकडा देतो, पेरणीपासून निंदणा-खुरपणापर्यंत सगळं स्वतः करायचं, त्याला मार्क असतात.

बाबा बराच वेळ त्या वाकलेल्या पाठींकडे बघत राहिले. परतीच्या गाडीत मूर्तिजापूरचा सिग्नल दिसेपर्यंत ते बोटांना लागलेली तिथली माती चोळून काढत होते. मग म्हणाले, "निंदाचंच होतं तं अकोल्याले कायले जायाचं? आपल्या वावरात काय कमी गवत हाय?"

तरीपण अकोलाच ठरणार होतं. आत्यानं गादी भरून घेतली होती. आणि दुसरीकडे जायचं म्हणजे मामाचं नाव घ्यावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी तसं सांगून टाकलं. आई वाढत होती. तिनं बाबांच्या ताटात बेसन वाढलं, पळी भांड्यात ठेवली आणि कुणाकडे न बघता म्हणाली, "एक साडी घ्यायची तं आपण दोन दुकानं पाहातो. पोरीच्या चार वर्साचं एकच दुकान पाहाचं काय?"

आई अशी बोलत नसे. बाबांचा घास हातात राहिला. साडीचा दाखला खुद्द त्यांचाच होता. दर दिवाळीला ते आम्हाला याच कारणानं चार दुकानं फिरवत. शेवटी ते म्हणाले, जा तुम्ही दोघी, मला फवारणी आहे. फवारणी नव्हती. तिघांनाही माहीत होतं.

आई त्या सकाळी लग्नातलं हिरवं पातळ नेसली. दोन पिशव्या घेतल्या, त्यात कुरडया, मुगवड्या, ठेच्याची बरणी आणि माझी गुणपत्रिका, या क्रमानं. गाडीत ती खिडकीशी बसली. कुरूम स्टेशन गेलं तशी ती सरळ बसली, बडनेरा जवळ आलं तशी बोलायला लागली. ही टाकी नवीन आहे, इथं आधी बाभळी होत्या, या पुलाखाली आम्ही बोरं वेचायचो. घरी दिवसभरात जेवढं बोलायची तेवढं ती त्या तासाभरात बोलली. बडनेऱ्याहून टांग्यानं अमरावतीत शिरताना तिनं टांगेवाल्याला रस्ता सांगितला आणि तो चुकीचा निघाला, कारण मध्ये शहर बदललं होतं. तिला त्याचंही काही वाटलं नाही.

मामानं दार उघडलं आणि तो नुसता बघत राहिला. मग रडला. मामी आतून पीठ लागलेल्या हातांनी आली, तीही रडली. मी पिशव्या धरून उभी. पुढचे काही तास त्या घरात काय बोललं गेलं ते मला आठवत नाही, कारण तिघंही एकदम बोलत होती. मामीनं कढी-गोळे केले, आईनं शेजारच्या मावशींना हाका मारून बोलावलं, कुणाची पोरं काय करतात, कोण वारलं, विहिरीला पाणी किती, सगळं झालं. कॉलेजची आठवण कुणालाच राहिली नाही. उन्हं कलायला लागली तेव्हा मीच म्हटलं, आपण कशाला आलो होतो. आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अप्रस्तुत बोलले.

अमरावतीचं कॉलेज गावाच्या टोकाला भाड्याच्या बैठ्या इमारतीत होतं. ऑफिस बंद झालं होतं. मागे जमिनीचा एक छोटासा तुकडा, त्यात गुडघ्याएवढी तूर, आणि त्या तुरीची निम्मी झाडं माना टाकून उभी. मध्ये एक बारकेसे गृहस्थ उकिडवे बसून एक झाड मुळापासून चिरून बघत होते. तेच तिथले विस्ताराचे शिक्षक निघाले, वानखडे सर. मी विचारलं, पाण्यानं झालं का. ते म्हणाले, नाही, मर रोग आहे. आणि मग उठून हात झटकत म्हणाले, "आमीच चार गावाईत जाऊन सांगितलं होतं, हे बियाणं पेरा, याच्यावर मर येत नाई. आली."

मी विचारलं, मग आता काय करणार. इतकी वर्षं सरकारी खात्यात काढल्यावर मला कळतं, की त्या प्रश्नाची किती तरी चांगली उत्तरं असतात. पाऊस चुकला, पेरणी उशिरा झाली, माती परीक्षण केलं नव्हतं. ती सगळी उत्तरं मी पुढे ऐकली. काही स्वतः दिलीसुद्धा.

"काय करणार," सर म्हणाले. "त्या चार गावाईत परत जायाचं अन् सांगायचं, आमचं चुकलं. पोरायले सोबत नेतो. शिकण्यासारखं थेच हाय."

मग त्यांनी आम्हाला आपल्या कॉलेजबद्दल सांगितलं आणि सांगण्यासारखं फारसं नव्हतं. जमीन एवढीच, त्यामुळे मुलांना तुकडे देता येत नाहीत. त्याऐवजी मुलांना गावांत नेतात, लोकांशी बोलायला लावतात, लोक काय म्हणतात ते ऐकून यायला लावतात. वाचनालय म्हणजे दोन कपाटं. मुलींचं वसतिगृह नाही. यावर आईनं त्या दिवसभरातला पहिला शैक्षणिक प्रश्न विचारला.

"वसतिगृह नाई म्हणता? मंग हिले माह्या भावाकडंच राहा लागन." आणि एक लांब उसासा टाकला. असं दुःखी तोंड करून की वानखडे सरांनी तिची समजूत काढली. आईइतका चांगला अभिनय मी नंतर फार कमी पाहिला, तोही मंत्री दुष्काळी भागात यायचे तेव्हा. टांग्यात बसल्यावर मात्र तिनं माझा हात धरला आणि बडनेऱ्यापर्यंत सोडला नाही. काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, तुला जे आवडलं असेल ते सांग घरी. मला त्या हाताचा घाम अजून आठवतो. मला त्या मेलेल्या तुरीपाशी उभा असलेला माणूस आवडला होता, आत्याच्या पलंगाची भीती वाटत होती आणि आईचा हात माझ्या हातात होता. यातलं खरं कारण कोणतं, हे तेव्हा ठरवता आलं नाही आणि आता ठरवायचं कारण उरलं नाही.

बाबा ओसरीत वाट बघत होते. रेडिओ बंद होता. त्यांनी विचारलं, पऱ्हाटी कशी आहे त्यांची. मी म्हटलं, पऱ्हाटी नाही. मग काय आहे? तूर. कशी आहे? मेली. आई आत जायची ती दारातच थांबली. बाबा म्हणाले, मग झालं, अकोला. त्या क्षणाला मी वानखडे सरांची सगळी गोष्ट सांगू शकले असते. चूक कबूल करणारा माणूस, गावात जाणं, ऐकून घेणं. पण बाबांना मी ओळखत होते. ज्याची तूर मेली त्याच्याकडून शिकायचं काय, असं ते म्हणाले असते आणि तिथंच विषय संपला असता.

"तिथं निंदन नाही," मी म्हटलं.

बाबांनी मान वर केली. "नाई म्हंजे?"

"जमीनच नाही. पोरांना वावरात उतरवतच नाहीत. गावागावात जाऊन नुसतं बोलायचं."

"नुसतं बोलायचं?"

"हो."

त्यांनी विचार केला. त्यांच्या डोळ्यांपुढे ती खुरपी आणि त्या वाकलेल्या पाठी आल्या असणार. "थे तुले जमन," ते म्हणाले. आणि मग तो प्रश्न आलाच. "राहाशीन कुठं?"

आई दारात हलली नाही. मी म्हटलं, मामाकडे. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तिच्या कडा सारख्या केल्या. "त्या घरी दुसऱ्या पंगतीत बसवतात," ते हळू म्हणाले.

"मी बसीन दुसऱ्या पंगतीत," मी म्हणाले.

बाबा उठून कोठ्यात गेले, बैलांना कडबा टाकलेला होता तरी आणखी टाकला. सकाळी चहा पिताना आईला म्हणाले, पोरीच्या ट्रंकेला कुलूप नवीन घ्या, जुनं आपोआप उघडते.

ट्रंक फक्त बडनेऱ्यापर्यंत पोचवायची असं त्यांचं ठरलं होतं. बडनेऱ्याला टांगेवाल्यानं ट्रंकेचं वजन बघून कुरकुर केली म्हणून ते टांग्यात बसले. मामाच्या दारात ट्रंक एकट्या मामाला उचलेना म्हणून खाली उतरले. आणि उंबऱ्याच्या आत ट्रंक ठेवण्यासाठी माणसाला उंबऱ्याच्या आत पाय ठेवावाच लागतो. मामीनं पाट मांडला, ताट वाढलं, आणि सगळं घर भोवती उभं राहिलं. कुणी बसायलाच तयार नाही. बाबा एकटे, घामाघूम, दहा डोळ्यांसमोर जेवले. इतका अवघडलेला मान मी कुणाचा झालेला पाहिला नाही. बुंदी तीनदा वाढली.

त्यानंतर बाबा दर शनिवारी अमरावतीला यायला लागले. कधी माझं वही-पुस्तक राहिलं म्हणून, कधी बियाण्याची चौकशी म्हणून, कधी कारण न सांगताच. मामाशी त्यांचं असं जमलं की मी अभ्यासाला बसले की दोघं मला गप्प राहायला सांगून आपण बोलत बसायचे. आई मात्र यायची नाही. बाबा निघाले की ढोरांचं कोण बघणार, भावाची शाळा, वेचणीच्या बायका. आईनं ज्या वाटेसाठी उसासा टाकला, त्या वाटेनं चार वर्षं बाबाच जात राहिले. मी एकदा रागानं तिला म्हटलं, तू का येत नाहीस. ती ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "थे जाऊन येतात ना. आले की सांगतात सगळं. वयनीनं काय केलं, शेजारी कोण आलं. पयले तं नावबी काढत नवते."

मला ते पटलं नाही. अजूनही फारसं पटत नाही.

मला पुढे खात्यात नोकरी लागली. परतवाड्याकडच्या गावांत मी बरीच वर्षं फिरले, जीपमधून, आणि पँटीला नाही तरी साडीला चिखल भरपूर लागला. दोनदा मीही चुकीचं बियाणं सांगितलं आणि दोन्ही वेळा परत जाऊन तसं सांगितलं. एका गावानं चहा पाजला, दुसऱ्यानं धुऱ्यावरूनच हाकललं. बाबांना मात्र मी काहीच शिकवू शकले नाही. ते माझा सल्ला ऐकून घेत आणि मग मामाला विचारत, ज्याच्याकडे शेतीच नव्हती.

बाबा गेले, मामाही गेला. मामाच्या घराच्या जागी आता दवाखाना आहे. आई माझ्याकडे अमरावतीत राहते, तिसऱ्या मजल्यावर, आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसते. मागच्या महिन्यात समोरच्या बिऱ्हाडातली नवी सून भेटायला आली. तिनं सहज विचारलं, आजी, माहेर कुठलं तुमचं. आई म्हणाली, मूर्तिजापूर. मी आतून म्हटलं, आई, माहेर अमरावती, मूर्तिजापूर सासर. आईनं माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"तुले काय मालूम," ती म्हणाली. "जिथं जावं वाटते अन् कोणी नेत नाई, थे माहेर."

पुढच्या रविवारी मी तिला मूर्तिजापूरला नेलं. भावानं तिची खुर्ची ओसरीत मांडली, भावजयीनं पुरणपोळ्या केल्या, जुन्या शेजारणी काठ्या टेकत येऊन बसून गेल्या. ती सगळ्यांशी बोलली, पोटभर जेवली, कोठ्यात जाऊन आली. आणि उन्हं उतरायच्या आत पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि मला म्हणाली, "निघायचं काय व आता?"